बाटलीतले पाणी नेमके कुठले? भूजल आयुक्तांना खुले पत्र

मा. आयुक्त,
भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा, पुणे यांस,



महाराष्ट्राच्या पोटात पाणी किती आहे, हे सांगण्याची आपल्या यंत्रणेची रीत पक्की आहे. राज्यभरातल्या सुमारे 3900 निरीक्षण विहिरींची पाणीपातळी वर्षातून चार वेळा मोजली जाते आणि टंचाईचा अंदाज, पाणलोट क्षेत्रांची वर्गवारी असे कितीतरी निर्णय त्या मोजणीवर उभे राहतात. टेप विहिरीत सोडली, पाण्याला टेकली, आकडा वाचला की काम जागेवरच संपते. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाने टेप सोडली तरी जवळपास तोच आकडा येतो. पाणी कसे आहे, या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके सरळ मिळत नाही. तिथे पाणी बाटलीत भरावे लागते, बाटली प्रयोगशाळेत न्यावी लागते, आणि काही दिवसांनी निघालेला आकडा त्या विहिरीभोवतीच्या खडकातल्या पाण्याच्या नावावर चढतो. या वाटेवर पाणी बदलू शकते, आणि ते बदलले की नाही हे नुसत्या आकड्याकडे पाहून कुणालाही सांगता येत नाही. म्हणून माझी मागणी एकच आहे: नमुना कसा घेतला याची जागेवर भरलेली नोंद सोबत असल्याशिवाय भूजल गुणवत्तेचा एकही आकडा राज्याच्या दप्तरात घेऊ नये, आणि ती नोंद आकड्याबरोबरच लोकांपुढे ठेवावी. त्यासाठी नमुन्यांची संख्या कमी करावी लागली तरी ती करावी.

हे टोकाचे वाटेल, म्हणून आधी विहिरीत काय घडते ते पाहू. राज्याचा ऐंशी टक्क्यांहून अधिक भूभाग बेसॉल्टचा आहे. या खडकात पाणी सलग साठून राहत नाही. ते मुरमात, मांजऱ्या खडकात, लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या सांध्यात आणि भेगांत असते. बोअर घेतली की वेगवेगळ्या खोलीवरच्या या भेगा एकाच नळीला जोडल्या जातात. सहा इंची, म्हणजे 150 मिलिमीटर व्यासाच्या बोअरमध्ये दर मीटरला साडेसतरा लिटरांहून थोडे जास्त पाणी मावते. बोअर 60 मीटर खोल आणि पाणी 20 मीटरवर असेल, तर आत सुमारे 700 लिटर पाणी उभे असते. ही निरीक्षणासाठीच घेतलेली आणि एरवी बंद असलेली बोअर असेल, तर हे पाणी महिनोन्महिने जागचे हललेले नसते. वरच्या बाजूला ते हवेला लागलेले असते, केसिंगच्या लोखंडाला लागलेले असते, त्यात विरघळलेला कार्बन डायऑक्साइड निघून गेलेला असतो, तळाशी गाळ बसलेला असतो. दोरीला बाटली बांधून आत सोडली, तर या 700 लिटरांतले वरचे एक लिटर हाती येते. ते त्या नळीतले पाणी आहे एवढेच खात्रीने म्हणता येईल. वीस मीटर पलीकडच्या खडकातले पाणी तसेच आहे का, हा प्रश्न त्या बाटलीने सुटत नाही.

नमुन्याआधी उपसा करायचा तो यासाठी. जुना ठोकताळा असा की नळीत उभ्या असलेल्या पाण्याच्या तिप्पट ते पाचपट पाणी उपसून टाकायचे आणि मग बाटली भरायची. वरच्या उदाहरणात तिप्पट म्हणजे 2100 लिटर होतात, आणि मिनिटाला 20 लिटर देणारा पंप त्यासाठी पावणेदोन तास चालवावा लागतो. पण नुसते लिटर मोजून भागत नाही. उपसलेले पाणी मीटरवरून जाऊ द्यायचे आणि दर काही मिनिटांनी त्याचे तापमान, सामू, विद्युतवाहकता, विरघळलेला प्राणवायू आणि गढूळपणा लिहून घ्यायचा. समजा, वाहकता सुरुवातीला 640 आली, मग 820, मग 1010, मग 1105, आणि त्यानंतर 1120, 1128, 1124 अशी थांबली. पहिल्या मिनिटाला बाटली भरणाऱ्याने 640 चे पाणी प्रयोगशाळेत पाठवले असते आणि विहीर गोडी ठरली असती. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या, रॉबर्ट पल्स आणि मायकेल बार्सेलोना यांच्या मार्गदर्शिकेने या कामाला वेगळी दिशा दिली. पंप विहिरीच्या नळीच्या जाळीदार भागासमोर धरा, मिनिटाला 100 ते 500 मिलिलिटर इतक्या संथ गतीने पाणी ओढा, विहिरीतली पातळी साधारण दहा सेंटिमीटरपेक्षा खाली जाऊ देऊ नका, आणि वाचने स्थिरावली की नमुना घ्या, असे त्यांनी सांगितले. स्थिरावणे म्हणजे काय तेही ठरवून दिले: लागोपाठ तीन वाचनांत सामू 0.1 च्या आत, वाहकता तीन टक्क्यांच्या आत, गढूळपणा आणि प्राणवायू दहा टक्क्यांच्या आत. ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे लागू पडणार नाही. केसिंगखाली उघड्या असलेल्या आपल्या बोअरमध्ये पाणी बहुतांशी ज्या भेगेला जोर असेल तिथूनच येणार, आणि पंप कुठल्या खोलीवर धरायचा हे कळायला बोअर घेताना पाणी कुठे कुठे लागले याची नोंद जपलेली हवी. पण वाचने स्थिरावल्याशिवाय बाटली भरायची नाही, हे तत्त्व बेसॉल्टलाही तेवढेच लागू आहे. बोअर कमी पाण्याची असेल आणि उपशाने कोरडी पडली, तर ती पुन्हा भरू द्यायची, चोवीस तासांच्या आत नमुना घ्यायचा आणि तसे लिहून ठेवायचे.

नमुना चुकीचा घेतल्याने सगळेच घटक सारखे बिघडत नाहीत, आणि हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. फ्लोराइड दणकट आहे. स्वच्छ प्लास्टिकच्या बाटलीत ते आठवडे टिकते, त्याला आम्ल लागत नाही की बर्फ. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतल्या फ्लोराइडच्या आकड्यांवर बाटली हाताळण्याच्या कारणावरून शंका घेण्याचे मला कारण दिसत नाही. नायट्रेटचे तसे नाही. बंद पडलेल्या विहिरीत पालापाचोळा कुजतो, प्राणवायू संपतो आणि जिवाणू नायट्रेटचे नायट्रोजन वायूत रूपांतर करतात. विहिरीतले नायट्रेट उतरते, भोवतीच्या खडकातले आहे तेवढेच राहते. बाटली गार न ठेवता दोन-तीन दिवस गाडीत आणि टेबलावर पडून राहिली, तर तोच प्रकार बाटलीतही होऊ शकतो. धातूंच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते. बेलर (दोरीने सोडायचे नमुन्याचे भांडे) आपटत आत सोडून ढवळून काढलेले गढूळ पाणी न गाळता त्यात नायट्रिक आम्ल घातले, तर गाळाला चिकटलेले लोह आणि आर्सेनिक सुटून पाण्याच्या हिशेबात जमा होते. उलट, आम्ल घातलेच नाही तर हवेच्या संपर्काने लोहाचा साका खाली बसतो, जाताना आर्सेनिकही ओढून नेतो, आणि प्रयोगशाळेला वरचे निर्मळ पाणी मिळते. म्हणून विरघळलेले धातू मोजायचे असतील तर 0.45 मायक्रॉनच्या गाळणीतून पाणी जागेवरच गाळायचे आणि लगेच आम्ल घालून सामू दोनच्या खाली आणायचा असतो. सामू स्वतः तर प्रयोगशाळेत मोजण्याची गोष्टच नाही, कारण पाणी वर येताच कार्बन डायऑक्साइड उडू लागतो आणि सामू चढतो. चार दिवसांनी मोजलेला सामू बाटलीचा असतो.

नायट्रेटचा मुद्दा मी मुद्दाम लांबवतो आहे, कारण आज महाराष्ट्रापुढचा भूजल गुणवत्तेचा सर्वांत मोठा प्रश्न तोच दिसतो. केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या वार्षिक गुणवत्ता अहवालात राज्यातल्या 35.74 टक्के नमुन्यांत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅम या मर्यादेच्या वर नोंदले गेले. देशाची सरासरी वीस टक्क्यांच्या आसपास आहे. वर्धा, बुलढाणा, अमरावती ही नावे देशातल्या सर्वाधिक बाधित जिल्ह्यांत आली. तान्ह्या मुलांना बाटलीच्या दुधातून हे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता घटते, म्हणून ही मर्यादा आहे. ते आकडे खोटे आहेत असे मी अजिबात म्हणत नाही. उलट माझी भीती अशी की मर्यादेच्या आत दाखवलेल्या विहिरींपैकी काही केवळ बंद पडल्यामुळे आत दिसत असतील. कुठल्या, हे सांगायला आज वाचकाच्या हाती काहीच नाही. त्याच्यापर्यंत पोहोचणाऱ्या तक्त्यात गाव असते, तालुका असतो, अक्षांश-रेखांश असतात आणि मग थेट घटकांचे आकडे असतात. विहीर वापरातली होती का, किती उपसल्यावर पाणी घेतले, ते किती तासांनी प्रयोगशाळेत पोहोचले, हे रकाने तिथे नसतात.

यावर पहिला आक्षेप येईल तो रास्तच आहे. लोक विहिरीतले पाणी पितात, उपसून टाकलेल्या पाण्यानंतरचे पाणी पीत नाहीत. मग ते पितात तेच का तपासू नये? जरूर तपासावे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नळाचे, हातपंपाचे, सार्वजनिक विहिरीचे पाणी जसे लोक घेतात तसेच घेतो, ते बरोबर आहे, आणि गावातल्या प्रशिक्षित महिला तपासणी संचाने पाणी पाहतात तेही मोलाचे आहे. पण तो प्रश्न वेगळा आणि हा वेगळा. आज या घशाखाली काय जाते आहे, हे एका नमुन्याने कळते. या खडकात काय साठत चालले आहे आणि दहा वर्षांनी गावाला काय प्यावे लागेल, हे दुसऱ्याने. दोन्हींच्या पद्धती वेगळ्या, आणि घोटाळा होतो तो दोन्हींचे आकडे एकाच तक्त्यात, एकाच रंगाने नकाशावर मांडल्याने. हातपंप दिवसभर चालतो तिथे उपसा गावानेच केलेला असतो, त्यामुळे दांडा आणि नळीतले पाणी निघून जाईपर्यंत काही मिनिटे हापसल्यावर घेतलेला नमुना दोन्ही प्रश्नांना चालतो. सहा मीटर व्यासाच्या, चार मीटर पाणी असलेल्या विहिरीत मात्र एक लाख तेरा हजार लिटर पाणी असते. ती कुणी उपसणार नाही आणि उपसूही नये, विशेषतः मे महिन्यात. तिथे शेतकऱ्याची मोटर चालू असताना, ती तासभर चालल्यानंतर, तिच्याच नळातून पाणी घ्यावे. मोटर नसेल आणि विहीर कुणी वापरतच नसेल, तर त्या विहिरीचा नमुना खडकातल्या पाण्याचा म्हणून घेऊच नये. ती विहीर पातळी मोजायला उपयोगी आहे, गुणवत्तेसाठी नाही, असे स्पष्ट लिहावे. निरीक्षण विहीर एकदा यादीत आली म्हणून प्रत्येक कामासाठी ती योग्य ठरत नाही.

दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो, कारण तो जाणकारांकडून येतो. पद्धतीत दोष असला तरी दरवर्षी तोच दोष असतो, त्यामुळे एकेक आकडा चुकला तरी कल बरोबर दिसतो, असे ते म्हणतात. हे खरे ठरायला दोष खरोखर तोच राहावा लागतो. तो राहत नाही. नमुना घेणारा बदलतो, बाटली बदलते, प्रयोगशाळेपर्यंतचा वेळ बदलतो, आणि सर्वांत मोठा फरक असा की विहिरीचा वापर बदलतो. 2019 पासून जलजीवन अभियानाने गावोगाव नळ पोहोचत आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. पण नळ आला की आडावरचा रहाट थांबतो. रोज शेकडो हंडे काढली जाणारी विहीर दोन-तीन वर्षांत निश्चल होते, तिच्यात शेवाळ येते, कचरा पडतो. तिच्यातले नायट्रेट त्यानंतर खाली उतरले, तर ते खत कमी पडल्यामुळे की पाणी सडल्यामुळे, हे नोंदीशिवाय कसे ठरवणार? कागदावर सुधारणा दिसेल, शेजारच्या शेतातल्या बोअरचे पाणी मात्र होते तसेच असेल, किंवा आणखी बिघडलेले असेल. कलच पाहायचा असेल, तर नमुन्याची नोंद एका आकड्यापेक्षाही अधिक लागते.

प्रयोगशाळा मान्यताप्राप्त आहेत, हे उत्तर अनेकदा दिले जाते. पण त्या मान्यतेचा पाया असलेल्या आयएसओ/आयईसी 17025 या मानकाची 2017 ची आवृत्ती नमुना घेण्याला प्रयोगशाळेच्या कामाचाच भाग मानते. नमुना घेण्याची योजना आणि पद्धत असावी, तारीख, वेळ, जागा आणि परिस्थिती नोंदवावी, असे ती सांगते. प्रयोगशाळेच्या आतल्या तपासण्या बाहेरची चूक पकडू शकत नाहीत. धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळते का, हे पाहणे उत्तम, पण चुकीच्या पाण्याचीही बेरीज अचूक जुळते. बाहेरची चूक पकडायला दोनच साधी साधने आहेत. एकाच विहिरीतून न सांगता भरलेल्या दोन बाटल्या, आणि जागेवर शुद्ध पाणी ओतून भरलेली एक कोरी बाटली. जोडीतले दोन आकडे जुळले नाहीत किंवा कोऱ्या बाटलीत शिसे निघाले, तर त्या दिवसाच्या सगळ्या नमुन्यांकडे पुन्हा पाहावे लागते. वीस नमुन्यांमागे एक जोडी आणि एक कोरी बाटली ठेवली, तर खर्च फार वाढत नाही.

मनुष्यबळाचा आक्षेप मात्र खरा आहे. जिल्ह्याच्या कार्यालयात भूवैज्ञानिक मोजके, गाडी एक, आणि पंप, जनरेटर, मीटर घेऊन पावणेदोन तास एका बोअरवर उभे राहायचे म्हटले तर दिवसाला तीन-चार विहिरींपलीकडे काम जाणार नाही. मी म्हणतो, जाऊ नये. खडकातल्या पाण्यासाठी प्रत्येक तालुक्यात ज्यांचा बोअरलॉग, म्हणजे बोअर घेतानाची नोंद, उपलब्ध आहे अशा थोड्या विहिरी निवडाव्यात आणि त्यांचे काम नीट करावे. उरलेल्या शेकडो नमुन्यांना पिण्याच्या पाण्याची तपासणी असे त्यांचे खरे नाव द्यावे. ज्यांच्यावर विश्वास ठेवता येतो असे तीनशे आकडे आणि ज्यांच्याविषयी काहीच सांगता येत नाही असे तीन हजार, यांत धोरणाला पहिले उपयोगी पडतात. कमी आकड्यांमुळे नकाशावर पांढऱ्या जागा राहतील. त्या राहू द्याव्यात. माहीत नसलेला भाग पांढरा दिसणे हे हिरवा दिसण्यापेक्षा सुरक्षित आहे, कारण पांढऱ्या जागेत कुणीतरी पुन्हा तपासायला जातो.

आणखी एका कारणाने ही नोंद लागणार आहे. पाणी प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, 1974 च्या कलम 21 नुसार कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घेताना मालकाला सूचना द्यावी लागते, नमुन्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करावे लागतात, त्यावर दोघांच्या सह्या लागतात, आणि ही रीत पाळली नाही तर अहवाल पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. सांडपाण्याला कायद्याने दिलेला हा काटेकोरपणा त्याच कारखान्याशेजारच्या गावाच्या विहिरीला मिळत नाही. तळोजा, रांजणगाव, बुटीबोरी इथे घातक कचऱ्याच्या विल्हेवाटीची केंद्रे आहेत, उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या लोकांनी पुण्याच्या कचऱ्याशेजारी वर्षे काढली आहेत. अशा ठिकाणी झिरप भूजलात उतरला की नाही, हे वरच्या अंगाच्या एका विहिरीशी खालच्या अंगाच्या तीन-चार विहिरींची तुलना केल्याशिवाय सांगता येत नाही. ही तुलना टिकण्यासाठी सगळ्या विहिरींचे नमुने एकाच दिवशी, एकाच पद्धतीने, कमी दूषित असण्याची शक्यता असलेल्या विहिरीपासून सुरू करून घ्यावे लागतात, नाहीतर पंपाला चिकटलेले दूषित पाणी स्वच्छ विहिरीच्या बाटलीत उतरते. वाद न्यायाधिकरणापुढे गेला, तर समोरचा वकील पहिला प्रश्न विचारेल तो बाटली कुणी, कशी आणि केव्हा भरली हाच. त्याला उत्तर नसेल, तर खरोखर बिघडलेले पाणीही सिद्ध करता येणार नाही, आणि त्याची किंमत गाव मोजेल.

महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम, 2009 ने भूजलाच्या गुणवत्तेचे रक्षण हे राज्याचे काम मानले आहे. ते काम ज्या आकड्यांवर चालायचे आहे, त्यांची खातरजमा नागरिकाला करता यावी, एवढेच मी मागतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही, आपल्या सहीचे एक परिपत्रक पुरे आहे. प्रत्येक नमुन्याबरोबर एक पान: विहिरीचा प्रकार, खोली आणि वापर, उपशाआधीची पातळी, पंपाची खोली आणि गती, उपशाच्या वेळची वाचने वेळेसह, गाळले की नाही, आम्ल घातले की नाही, बर्फ होता की नाही, बाटली कुणाकडून कुणाकडे किती वाजता गेली, आणि घेणाऱ्याची सही. ज्यांच्या मागे असे पान नाही ते जुने आकडे काढून टाकू नका, पण त्यांच्यापुढे तसे नमूद करा. येत्या मान्सूनपूर्व फेरीत हे सगळ्या जिल्ह्यांत जमणार नसेल, तर नायट्रेटसाठी नाव आलेल्या वर्धा, बुलढाणा आणि अमरावती या तीन जिल्ह्यांपासून सुरुवात करा आणि तिथली पाने अहवालाबरोबरच संकेतस्थळावर ठेवा, ही कळकळीची विनंती.

कळावे.

आपला नम्र,
भूजल अहवालांचा एक वाचक